मदत हवी आहे: विषाणू शिरल्यावर पेशीचा आरएनए बनायचा थांबतो, की बनलेला तुटतो?

नमस्कार मंडळी,

मी वाळपईची, गोवा विद्यापीठात एमएस्सी करते. काजूच्या हंगामात आमच्या सत्तरी तालुक्यात माकडतापाची (हा विषाणूजन्य आजार) धास्ती असते, म्हणून सेमिनारला मुद्दाम विषाणूंचाच विषय घेतला. पण एका आलेखापाशी अडले आहे.

उंदराच्या एल पेशींना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) मेंगोव्हायरस या आरएनए विषाणूची लागण करून किरणोत्सारी युरिडीन (आरएनएचा एक घटक) दिलं, की नव्या आरएनएत ते किती गेलं हे मोजता येतं. आकडा आधी घसरतो, मग काही तासांनी चढतो. चढ कळला, तो विषाणूच्या आरएनएचा. ॲक्टिनोमायसिन डी घातलं तरी तो बनतो, कारण ते औषध डीएनएला चिकटतं आणि हा विषाणू आरएनएवरूनच आरएनए काढतो.

घोडं अडलंय ते घसरणीपाशी. पेशीचं पॉलिमरेझ (आरएनए बनवणारं विकर) मंदावलं असंच का धरायचं? नवा आरएनए लगेच तुटत असेल तर? हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचं एक प्रथिन पेशीचे एमआरएनए (प्रथिनं बनवण्याचा निरोप नेणारे आरएनए) तोडतंच की. किंवा युरिडीनच आत कमी शिरत असेल? एकूण आरएनए जेलवर चालवून (म्हणजे आकारानुसार पट्टे वेगळे करून) उलगडा होईल का? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
शंका अगदी रास्त आहे. जेलचा उपयोग नाही. पेशीतला बहुतेक आरएनए रायबोसोमचा आणि टिकाऊ, त्यामुळे उत्पादन थांबलं तरी २८एस, १८एस या रायबोसोमच्या आरएनएचे पट्टे ठसठशीतच दिसतील.

बाल्टिमोर आणि फ्रँकलिन यांचं १९६२चं काम वाचा, याच विषाणूवरचं. लागण झालेल्या पेशींची केंद्रकं वेगळी काढून त्यांना नळीत थेट न्यूक्लिओटाइड ट्रायफॉस्फेट (आरएनएचा कच्चा माल) दिले. म्हणजे युरिडीन आत शिरण्याचा प्रश्नच मिटला. तरीही आरएनए कमीच बनला. तुटण्याची शंका फेडायची तर आधीच किरणोत्सारी खूण (लेबल) केलेला आरएनए त्याच केंद्रकांसोबत ठेवून तो शाबूत राहतो का ते बघतात.

मात्र हा निष्कर्ष सगळ्या विषाणूंना लावू नका. इन्फ्लुएन्झा पेशीच्याच नव्या आरएनएची टोपी (सुरुवातीचं रासायनिक टोक) १०-१३ न्यूक्लिओटाइडांसकट कापून वापरतो, म्हणून ॲक्टिनोमायसिन डीने तोही अडतो. माकडतापाचा विषाणू तर फ्लॅव्हिव्हायरस, त्याचं कुळच निराळं.

धागाकर्ती
मनापासून आभार! पण केंद्रकांना पेशीद्रव चिकटून राहिला तर विषाणूचं पॉलिमरेझही नळीत येईल ना?

प्रतिसाद १
येऊ शकतं. म्हणून एक नळी ॲक्टिनोमायसिन डी घालून लावा. त्यात जो आकडा येईल तो विषाणूच्या खात्यातला, तो वजा करा.