ज्योत नको, आधी थंड टोक आणि गळती बघा

घरी बनवलेल्या स्टर्लिंग इंजिनाचं "चाक फिरत नसेल तर मेणबत्तीऐवजी स्पिरिटचा दिवा लावा" हा इथल्या चर्चेतला सल्ला मला पटत नाही. हे इंजिन बंद डब्यातली हवा आळीपाळीने तापवून आणि थंड करून चाक फिरवतं, म्हणजे खालचं गरम आणि वरचं थंड अशा दोन टोकांच्या तापमानातल्या फरकावर चालतं. ज्योत वाढवली की पत्र्यातून उष्णता वर चढते, थंड टोकही तापतं आणि थोड्या वेळात चाक थांबतं. वरच्या टोकाला बर्फाचं पाणी ठेवून बघा, बऱ्याचदा तीच मेणबत्ती पुरते. चाकाच्या वाकवलेल्या आसाच्या दोन वळणांमधला ९० अंशांचा कोन सगळ्यांनी सांगितलाच आहे.

गळतीबद्दल मात्र कुणी लिहिलं नाही. माझं इंजिन कोल्ड्रिंकच्या कॅनचं, वर फुग्याचा पडदा. आठवडाभर ते हललंच नाही. शेवटी साबणाचं पाणी लावलं तेव्हा डिस्प्लेसरचा (आतली हवा गरम आणि थंड टोकांमध्ये ढकलणाऱ्या तुकड्याचा) दोरा पडद्यातून जातो तिथेच बुडबुडे दिसले. भोक बारीक करून तेलाचा थेंब सोडला आणि चाक फिरलं! आतला डिस्प्लेसर तारेच्या घासणीचा करा. हवा तिच्यातून जाताना उष्णता तारेत ठेवते, परतताना उचलते. रॉबर्ट स्टर्लिंगच्या १८१६च्या पेटंटचा गाभा हाच, आणि तो दहा रुपयांच्या घासणीत मिळतो याचं मला अजून अप्रूप वाटतं.