शेक्सपिअर इन लव्ह: व्हायोला खरंच होती का?

रात्रवाचक
काल परत शेक्सपिअर इन लव्ह बघितला, १९९८ चा, जोसेफ फाइन्स आणि ग्वेनेथ पॅल्ट्रोवाला. कॉलेजात नुसती लव्हस्टोरी म्हणून आवडलेला, यावेळी मात्र एक प्रश्न डोक्यातून जाईना. सिनेमात विलला, म्हणजे तरुण शेक्सपिअरला, काही सुचत नसतं, रोमिओ आणि एथेल, चाच्याची पोरगी असलं काहीतरी नाव घेऊन बसलेला असतो, मग व्हायोला भेटते आणि पानंच्या पानं लिहून होतात. असं खरंच झालेलं का? नसेल तर रोमिओ ज्युलिएट आलं कुठून? आणि प्रेमात पडल्याशिवाय असलं लिहिता येतं का हो? जाणकारांनी प्लीज सविस्तर सांगा.

जुनापेठकर
व्हायोला पूर्ण काल्पनिक, पटकथाकार मार्क नॉर्मन आणि टॉम स्टॉपर्ड यांनी रचलेली. (स्टॉपर्ड लहानपणी दार्जिलिंगला शाळेत होता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) रोमिओ ज्युलिएटची गोष्ट आधीपासून इटलीत फिरत होती, आर्थर ब्रूक नावाच्या कवीने १५६२ मध्ये तिच्यावर इंग्रजीत लांबलचक काव्य लिहिलं आणि शेक्सपिअरने मुख्यतः तेच समोर ठेवून नाटक केलं. दाई, साधू, झोपेचं औषध, थडगं, सगळं ब्रूककडे आहे.

मग शेक्सपिअरने केलं काय, तर त्या दोघांचा वेळ काढून घेतला. ब्रूककडे प्रकरण कित्येक महिने चालतं, लग्नानंतरही दोघं बरेच दिवस चोरून भेटत राहतात. इथे रविवारी रात्री भेट, सोमवारी दुपारी लग्न आणि चार-पाच दिवसांत सगळा खेळ आटोपला. ब्रूकची ज्युलिएट सोळाची, ह्याची चौदाचीही पूर्ण नाही. म्हणून ते नाटक धाप लागल्यासारखं पळतं.

आता सिनेमा बघा. व्हायोलाचं लॉर्ड वेसेक्सशी लग्न ठरलेलं, ती जहाजाने व्हर्जिनियाला जाणार, हातात मोजके दिवस, आणि नाटकाचा पहिला प्रयोग नेमका लग्नाच्याच दिवशी. म्हणजे प्रेमातून नाटक निघालं असं सिनेमा दाखवतो, पण लेखकांनी प्रेमच नाटकावरून बेतलंय. मला हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

तालीमवाला
वा, मस्त प्रतिसाद. मी हौशी रंगभूमीवाला, त्यामुळे मला तर ही लव्हस्टोरी वाटतच नाही, नाटक कसं उभं राहतं त्याचा सिनेमा वाटतो. नीट बघितलंत तर विलला सगळं व्हायोलाकडून मिळतच नाही. रोमिओ इटालियन असू दे, शत्रूच्या मुलीच्या प्रेमात पडू दे, त्याचा मित्र मर्क्युशिओ द्वंद्वात मरू दे, हे त्याला दारूच्या गुत्त्यात ख्रिस्तोफर मार्लो सांगतो, त्या काळचा नावाजलेला नाटककार. रस्त्यावर एक धर्मोपदेशक नाटकवाल्यांच्या नावाने बोटं मोडत असतो, तुमच्या दोन्ही घरांना प्लेग लागो म्हणतो, विल जाता जाता ते उचलतो आणि पुढे ते नाटकात येतं. लेखक असेच असतात, कान उघडे ठेवून हिंडतात.

आणि तो सावकार फेनीमन! सुरुवातीला पैशासाठी थिएटरमालक हेन्स्लोचे पाय निखाऱ्यावर धरणारा माणूस, त्याला औषधवाल्याची चिमूटभर भूमिका मिळते आणि तो बदलतो, तालमीत कोणी बोललं तर दटावायला लागतो. तोतरा शिंपी प्रोलॉग म्हणायला उभा राहतो तेव्हा माझे हात अजून गार पडतात, कारण तिसरी घंटा झाल्यावर विंगेत उभं राहणं काय असतं ते मला माहितीये. ज्युलिएट करणाऱ्या पोराचा आवाज ऐन प्रयोगाच्या दिवशी फुटतो हे ज्यांच्याकडे बालगंधर्व होऊन गेले त्या आपल्याला कोणी समजावून सांगायला नको, स्त्रीपार्टी नटाचा आवाज म्हणजे अख्ख्या कंपनीचं पोट.

सायंतारा
मला सिनेमा आवडतो पण शेक्सपिअरच्या बायकोचं, ॲनचं काय? १५८२ मध्ये लग्न झालं, तो अठराचा, ती सव्वीसची, १५८५ पर्यंत तीन मुलं. सिनेमा घडतो १५९३ मध्ये, म्हणजे ती स्ट्रॅटफर्डला पोरं सांभाळतेय आणि इथे ती एक अडचण म्हणून दोन वाक्यांत संपते. व्हायोलाला विल विवाहित आहे हे कळतं तो सीन चांगला आहे, पण दुःख तिथेही व्हायोलाचंच. एवढी हुशार पटकथा आणि बायकोसाठी जागा नाही, हे मला खटकतंच.

शिवाय १५९२ ते ९४ मध्ये प्लेगमुळे लंडनची थिएटरं बराच काळ बंद होती. तो त्या काळात खंडकाव्यं लिहीत होता, व्हीनस अँड अडोनिस १५९३ चंच. सिनेमात वेसेक्सची म्हणून येणारी व्हर्जिनियातली तंबाखूची शेती तर अजून सुरूच व्हायची होती, जेम्सटाउन वसलं १६०७ मध्ये.

जुनापेठकर
@सायंतारा, ॲनबद्दल शंभर टक्के सहमत. तारखांचं मला तेवढं वाटत नाही, कारण पटकथा जाणूनबुजून खेळते. उंदरांशी खेळणारा आणि नाटकात रक्त पाहिजे म्हणणारा तो पोरगा म्हणजे जॉन वेबस्टर, पुढे द डचेस ऑफ माल्फी लिहिणारा. आणि नाटकात खरं प्रेम दाखवता येतं का यावर सिनेमात पैज लागते, शेवटी तिचे पन्नास पौंड विलला मिळतात आणि त्याला कंपनीत भागीदार होता येतं, तर १५९४ च्या सुमारास तो लॉर्ड चेंबरलेन्स मेन कंपनीत खरंच भागीदार झाला. मधली रिकामी जागा लेखकांनी भरली, बाकी चौकट बरीचशी खरी.

रात्रवाचक
सगळ्यांचे मनापासून आभार. तालीमवाले, मार्लोचा सीन मी परत लावून बघितला, खरंच की, मर्क्युशिओ हे नाव ऐकून विल म्हणतो छान नाव आहे आणि पुढे सरळ तेच वापरतो. आणि सायंतारा म्हणतेय तेही पटलं, रात्रीची खोली आणि दिवसाची तालीम एकमेकांत गुंफलेला तो तुकडा बघताना इतकं हरवायला होतं की घरी कोणीतरी वाट बघतंय हे आपण विसरूनच जातो. ब्रूकचं काव्य आजच्या इंग्रजीत कुठे वाचायला मिळेल का? जुनं स्पेलिंग मला झेपत नाही.