जोजो: चित्रांपेक्षा नियम बदलतात

‘जोजो’ या जपानी कॉमिक (मांगा) मालिकेत दर भागात चित्रं इतकी बदलतात की ती तीच मालिका वाटत नाही, असं म्हणतात, ते मान्य. पण मला खरी गंमत वाटते ती तिचा लेखक-चित्रकार आराकी मारामारीचे नियमच बदलतो याची. १९८७ साली सुरुवात झाली तेव्हा सगळा खेळ श्वासाच्या ताकदीवर होता. तिसऱ्या भागात ‘स्टँड’ आले, म्हणजे लढणाऱ्याच्या मनाच्या ताकदीला आलेलं रूप; त्यांची नावं भविष्य सांगायच्या टॅरो पत्त्यांवरून. पत्ते संपले तसे इजिप्तचे देव धरले, आणि पुढे तर सरळ पाश्चात्त्य बँड आणि गाणी!

चौथ्या भागाचा नायक जोसुके आपल्या स्टँडने फुटलेली वस्तू, जखमी माणूस क्षणात पूर्ववत करतो, पण स्वतःची जखम मात्र भरता येत नाही. त्यामुळे पठ्ठ्याला प्रत्येक वेळी डोकं चालवावंच लागतं.