दुकानामागच्या पेटीतला माल: काय घ्यावं, काय सोडावं? (मदत हवी आहे)

मंडळी, मोठ्या दुकानांच्या मागच्या कचरापेटीतला धडधाकट माल मी आणि मैत्रीण अधूनमधून उचलून आणतो. कपडे, भांडी धुतली-पुसली की झालं. घोडं अडतं ते खाण्याच्या वस्तूंपाशी.

'बेस्ट बिफोर' उलटलेली बिस्किटं मी बिनधास्त घेते, ती तारीख दर्जाची असते. 'यूज बाय' (ही सुरक्षिततेची तारीख) उलटली असेल तर हात लावत नाही. फुगलेला डबाही नाही, बोटुलिझमची (जंतूंच्या विषामुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेची) भीती. पण सीलबंद चीज, दही? ५ ते ६० अंश सेल्सियसमध्ये जंतू झपाट्याने वाढतात आणि पाकीट पेटीत कधीपासून पडलंय ते कळत नाही. हाताला गार लागलं एवढ्यावर विसंबावं का? मैत्रीण म्हणते, उकळलं की सगळं मरतं. मला पटत नाही. काही जंतूंचं विष उकळूनही टिकतं.

दुसरं, कधीकधी एकाच मालाची अख्खी खोकी फेकलेली असतात, तारीख चांगली लांबची. कंपनीनं परत मागवलेला माल असेल का? बॅच नंबरवरून तपासता येतं का, कुठे? आणि पाकिटाला ब्लीचचा वास येत असेल तर धुऊन घेता की सरळ सोडता?

(कुलूपबंद पेट्यांना आम्ही हात लावत नाही, त्यावरून उपदेश नको!)