विषय: पुन्हा : दहावीच्या टॅबचे पैसे

मंडळी,
टॅबवाला शुक्रवारपर्यंतच कोटेशन धरून ठेवणार आहे. बीडच्या शाळेतल्या दहावीच्या मुलांसाठी २२ नग. फक्त तिघांचा होकार आलाय. बाकीच्यांनी आज रात्री हो-नाही कळवा, गणपतीच्या मांडवासारखं आयत्या वेळी नको.
मंदार

मंदार, माझं नाही. डिसेंबरात त्या शाळेत जाऊन आले. पटावर ४१, वर्गात १९. बाकीची दिवाळीनंतर आईबापाच्या कोयत्यामागे ऊसतोडीला, कुणी सांगलीला, कुणी कर्नाटकात. सर म्हणाले, "ताई, परीक्षेपुरती येतात." घरी आजी असेल तर पोर गावात टिकतं. मुलगी असेल तर पालावर धाकट्याला सांभाळायला तीच. हंगामभर गावातच दोन वेळच्या जेवणाची सोय करू, टॅब राहू देत.
सुनंदा

ऊसतोड बीडसारख्या जिल्ह्यांची. बाकी महाराष्ट्राचं काय? २०२३पर्यंत आठवीपर्यंत नापासच करायचं नव्हतं, मग सगळं नववीत अंगावर यायचं. २०२३चा 'असर' हा शिक्षणाच्या पाहणीचा अहवाल वाचा : खेड्यांतल्या १४ ते १८ वयाच्या निम्म्याहून जास्त मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकीनं भागता येत नाही. आमच्या वेळी छडी होती.
बापूकाका

काका, मी सातवीत आपटलो होतो. दुसऱ्या वर्षी तेच मास्तर, तीच छडी, तोच भागाकार. आला नाही तो नाहीच. शेवटी वडलांच्या दुकानात उधारीच्या वहीवर शिकलो.
नितीन

कुठलं दुकान? भोरचं?
बापूकाका

विषयावर या. पैसे जाणार कसे? मंडळ इथं परदेशात नोंदलेलं, म्हणजे आपला पैसा परदेशी देणगी. शाळेच्या संस्थेकडे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी नाही, पूर्वपरवानगीही नाही. असती तरी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. "माझ्या खात्यातून पाठवतो" म्हणणाऱ्यांनी आधी पासपोर्ट बघावा. भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून खुशाल द्या. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेले मूळचे भारतीय, असाल तर तेही परदेशीच. वाचनालयाच्या पुस्तकांच्या वेळी हेच सांगितलं, तर सगळे माझ्यावरच खेकसलात.
खजिनदार

मग भारतीय पासपोर्टवाल्यांनी वैयक्तिक द्यायचं. मी धरून सात जण असू. जेवणाला तेवढे पुरतील, सरांशी बोलते.
सुनंदा

आणि टॅबवाल्याला काय सांगू? ॲडव्हान्स माझ्या खिशातून गेलाय.
मंदार

ॲडव्हान्स? सकाळपर्यंत तर नुसतं कोटेशन होतं. कुठल्या ठरावानं?
खजिनदार