मदत हवी आहे: स्लो मोशनमध्ये लिपसिंक, गाणं किती वेगानं वाजवायचं?

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मित्राच्या इंडी पॉप गाण्याचा व्हिडिओ करतोय. कडव्यात गायक टेकडीवरून चालत येतो, चाल स्लो मोशनमध्ये, पण ओठ मात्र गाण्याबरोबर जुळलेले हवेत. एडिटची टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेम्सची आहे, कारण उरलेलं शूटिंग खोलीत ट्यूबलाइटखाली आहे आणि तिथे फ्लिकर (प्रकाशाची लुकलुक) नको.

५० फ्रेम्सवर शूट करून गाणं दुप्पट वेगानं वाजवून पाहिलं, म्हणजे २५ वर चित्र निम्म्या वेगाचं झालं की ओठ मूळ गाण्याशी जुळतात. धृपद जमतं, कडव्यात शब्दांची इतकी गर्दी आहे की गायकाची नुसती बोबडी वळते. ओव्हरक्रँक (स्लो मोशनसाठी हवा तो जास्त फ्रेम-रेट निवडायची सोय) असलेला कॅमेरा भाड्यानं घेणं परवडणार नाही. आमच्या मिररलेस कॅमेऱ्यावर २५-५० किंवा मोड बदलून २४-३०-६० एवढंच मिळतं. शॉट बाहेरचा, सकाळच्या उन्हातला, म्हणून तिथे ३० चालेल. कॅमेऱ्याचं ३० म्हणजे खरं २९.९७, तेव्हा हिशेबानं २९.९७ भागिले २५, म्हणजे गाणं ११९.८८ टक्के वेगानं. स्पीकर ब्लूटूथ आहे, पण त्याचा उशीर एडिटमध्ये सरकवून घेऊ. शब्द कमी करायला गायक तयार नाही (विचारून झालंय).

एवढ्या फरकानं चाल खरंच तरंगती दिसते का, की नुसती सुस्त वाटते? आणि ६० वर शूट करून कडवं एकेका ओळीच्या तुकड्यांत घेतलं, तर जवळपास २४० टक्के वेगात कुणाला लिपसिंक जमलंय का?