अकाउंट कायमचं काढायचा हक्क असावा का? घरच्या ग्रुपवरची चर्चा

मोठे काका: मंडळी, मला सोशल मीडियावरचं माझं अकाउंट कायमचं काढून टाकायचंय. दादा म्हणतो अशी सोयच असू नये, फार तर बंद ठेवावं. तुम्हाला काय वाटतं?

दादा: काका, सोयच नको असं नाही म्हटलं मी. एका बटणात सगळं गायब व्हायला नको एवढंच. लोक वाट्टेल ते लिहितात, कुणाची बदनामी करतात, कुणाला फसवतात आणि गळ्याशी आलं की अकाउंट उडवून मोकळे. मग शोधायचं कुणाला

मी: दादा त्याची तरतूद आहे रे. २०२१ च्या आयटी नियमांत लिहिलंय की माणसाने नोंदणी रद्द केली तरी त्याची माहिती कंपनीने १८० दिवस जपून ठेवायची, आणि तक्रारीवरून काढलेला मजकूर पण तितकेच दिवस, कोर्टाने किंवा तपास यंत्रणेने सांगितलं तर त्याहून जास्त. म्हणजे लोकांना दिसायचं बंद होतं पण माग लगेच पुसला जात नाही. लबाड माणसांच्या भीतीने बाकी सगळ्यांना जन्मभर अडकवून ठेवायचं हे मला अजिबात पटत नाही.

काकू: पण बंद ठेवणं आणि काढणं यात फरक काय गं? फोनमधून ॲप काढलं की झालं ना

मी: नाही काकू, इथेच बरेच जण फसतात. ॲप काढलं तर फक्त फोनमधली जागा मोकळी होते, अकाउंट तिकडे तसंच्या तसं असतं, लोक टॅग पण करू शकतात. डिॲक्टिव्हेट केलं तर प्रोफाइल लपतं, माहिती सगळी कंपनीकडेच, परत लॉगिन केलं की जसंच्या तसं उभं राहतं. डिलीट म्हणजे खरं काढणं. फेसबुक आणि इन्स्टावर त्याला ३० दिवसांची मुदत असते, तेवढ्यात मन बदललं तर लॉगिन करून थांबवता येतं, आणि नंतर त्यांच्या सर्व्हरवरून सगळं जायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. ही मुदत मला चांगली वाटते, रागाच्या भरात कुणी काढलं किंवा अकाउंट हॅक करून दुसऱ्यानेच काढलं तर वाचतं. पण तो पर्याय कुठे ठेवलाय बघा, सेटिंग्ज, मग अकाउंट्स सेंटर, मग पर्सनल डिटेल्स, मग अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल, तिथे कुठे डिॲक्टिव्हेशन ऑर डिलीशन. अकाउंट उघडताना कुणी एवढं फिरवतं का? जेवढ्या सहज आत घेता तेवढ्याच सहज बाहेर सोडा, माझं म्हणणं इतकंच आहे.

मोठे काका: मला वाटलं मीच कुठेतरी चुकतोय

मी: नाही हो काका. आणि हे आपणहून कुणी देत नाही हेही खरं. फेसबुकच्या सुरुवातीच्या काळात नुसतं डिॲक्टिव्हेटच होतं, २००८ च्या सुमारास लोकांनी ओरड केली तेव्हा कायमचं काढायची वाट सोपी झाली. ॲपलने ३० जून २०२२ पासून नियमच केला की ज्या ॲपमध्ये अकाउंट उघडता येतं त्याच ॲपमधून ते काढायची सुरुवातही करता आली पाहिजे, त्यानंतर कितीतरी ॲपना ती सोय द्यावी लागली. युरोपात जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १७ मध्ये २०१८ पासून माहिती पुसून मागायचा हक्क आहे, आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही कलम १२ मध्ये तो घातलाय.

आत्या: मला नाही पटत हे. एकाने अकाउंट काढलं की बाकीच्यांच्या गप्पा अर्धवट होतात. माझ्या फोटोखाली कुणीतरी छान आठवण लिहिलेली असते आणि एक दिवस बघावं तर ती नाहीच, खाली मी दिलेलं उत्तर तेवढं लोंबकळतंय. ते माझंही होतं ना थोडं?

मी: आत्या, तुझा मुद्दा सगळ्यात अवघड आहे. प्रत्येक ठिकाणी याचं उत्तर वेगळं दिलंय. रेडिट या चर्चेच्या साइटवर अकाउंट काढलं तरी लिहिलेलं राहतं, फक्त नाव जातं. विकिपीडियावर तर अकाउंट काढताच येत नाही, कारण कुठला बदल कुणी केला ही नोंद राहिलीच पाहिजे, फार तर नाव बदलून मिळतं. ज्ञानकोशाला ते योग्यच आहे. व्हॉट्सॲपवर अकाउंट काढलं की माणूस सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडतो पण त्याने पाठवलेले मेसेज आपल्या फोनमध्ये राहतात, मला हे बरोबर वाटतं, पाठवलेलं पत्र परत मागता येत नाही तसं. पण माझ्या प्रोफाइलवर मी लिहिलेलं, माझे फोटो, माझं आजारपण, माझं भांडण, हे माझ्याबरोबर गेलंच पाहिजे. नुसतं नाव पुसून भागत नाही, मजकुरावरून माणूस ओळखू येतो. निदान विचारा तरी की लिहिलेलं पण काढू की नुसतं नाव काढू.

आत्या: आणि आजोबांचं? त्यांनी जायच्या आधी काढून टाकलं असतं तर आज आपल्याकडे ते फोटो नसते. मी अजून जाऊन बघते गं

मी: माहितीये आत्या, मी पण बघते. पण ते ठेवायचं की नाही हे आजोबांनी ठरवायचं होतं, आणि त्यांना कुणी कधी विचारलंच नाही. आता विचारतात. फेसबुकवर २०१५ पासून लेगसी कॉन्टॅक्ट नेमता येतो, तो माणूस आपल्या मागे प्रोफाइल सांभाळतो पण आपले खासगी मेसेज वाचू शकत नाही. किंवा मी गेल्यावर सगळं काढून टाका असंही आधीच सांगून ठेवता येतं. गुगलवर पण २०१३ पासून तशी सोय आहे. जर्मनीत वारलेल्या एका मुलीच्या आईवडिलांना तिच्या अकाउंटसाठी थेट वरच्या कोर्टापर्यंत जावं लागलं, २०१८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. आणि अकाउंट तसंच पडून राहील यावर तरी विसंबू नकोस, गुगलने २०२३ मध्ये सांगितलं की २ वर्षं वापरलं नाही तर ते स्वतःच काढू शकतात. आजोबांचे फोटो या आठवड्यातच उतरवून घेऊया, मी बसते तुझ्याबरोबर.

आत्या: चालेल. आणि माझ्यासाठी तुझं नाव टाकते त्या लेगसीमध्ये. फोटो ठेव, बाकीचं काढून टाक.

काकू: काका तुम्ही पण आधी सगळं डाउनलोड करून घ्या मग काढा, नंतर कुणाकडे मागणार

दादा: ३० दिवसांचं मान्य. पण ज्या अकाउंटवर तक्रार चालू आहे ते तेवढ्या काळात काढता येऊ नये, यावर मी ठाम आहे.

मी: ते मलाही मान्य दादा, फक्त तक्रार म्हणजे पोलिसांत किंवा कोर्टात केलेली. कुणीही उठून रिपोर्टचं बटण दाबलं आणि माणूस अडकला असं नको, नाहीतर छळणारेच रिपोर्ट करत राहतील आणि ज्या मुलीला त्यांच्यापासून सुटायचंय तिलाच बाहेर पडता येणार नाही.

दादा: हं. हा विचार केला नव्हता. बरोबर आहे.